घरीच तर असतेस!

२०२० साली 'घरी बसून काम' हे शब्द वर्तमानपत्रांतून रोज दिसू लागले, तेव्हा पुष्कळांना वाटलं, काहीतरी अगदी नवा, विलायती प्रकार निघाला आहे. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांना कुलपं लागली आणि शिकलेली मुलंमुली लॅपटॉप घेऊन आपापल्या गावी परतली. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या बायकांना मात्र यात नवल वाटण्यासारखं फारसं काही नव्हतं. इथं कितीतरी पिढ्या बायका कंपनीचं काम घरी बसूनच करीत आल्या आहेत. फरक इतकाच, की त्याला कुणी नोकरी म्हणत नसे. 'बिड्या वळते' एवढंच म्हणत.

आमचं लाखनी हे भंडारा आणि साकोलीच्या मधलं, हमरस्त्यावरचं गाव. भोवताली धानाची शेती आणि पलीकडे जंगल. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा आणि एरवी धानाच्या कामातून वेळ मिळेल तेव्हा बिड्या वळायच्या, असा या भागातल्या कितीतरी घरांचा क्रम असे. आमच्या घरात आज तीन कामकरी बायका आहेत आणि तिघींच्या कामाची तऱ्हा वेगळी. सासूबाईंनी जवळजवळ तीस वर्षं बिड्या वळल्या. धाकटी जाऊ पुण्याच्या एका कंपनीचं काम लाखनीत बसून करते. आणि मी घर सांभाळून एका खासगी शाळेत तासिकेवर शिकवते, म्हणजे जितके तास तितके पैसे. तिघींनाही आयुष्यात एक वाक्य सारखंच ऐकावं लागलं आहे, 'तू काय, घरीच तर असतेस!' म्हणून वाटलं, या तिन्ही कामांचा हिशेब एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावा.

सासूबाईंच्या कामाची पद्धत अशी. कंपनीचा माल सट्टेदारामार्फत यायचा. सट्टेदार म्हणजे कंपनी आणि मजूर यांच्या मधला माणूस. तो तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा मोजून द्यायचा. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायची आणि मग मांडीवर सूप घेऊन वळायला बसायचं. मजुरी हजार बिड्यांवर. दिवसाला हजार वळणारी बाई हाताची चपळ समजली जाई. पण ते हजार पुरे व्हायला सासूबाईंना पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत मधे मधे बसावं लागे. स्वयंपाक, पाणी, गुरं, मुलं हे सगळं त्यातच. माल नेऊन दिला की सट्टेदार बिड्या तपासायचा आणि नापसंत बिड्या बाजूला काढायचा. त्याला म्हणतात छाट. छाटीची मजुरी नाही. वर गंमत अशी, की छाट काढलेल्या बिड्या तो परतही देत नसे! सासूबाई अजून म्हणतात, ''बिडी वाईट होती तं मले वापस द्याची होती ना? माझ्या पोटाले वाईट, अन् त्याच्या पेटीले चांगली!''

आता कुणी विचारील, मालकांना घरोघरी काम वाटायची हौस का? कारण सरळ आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे कारखाना म्हटला की कामगाराला उजेड, हवा, पिण्याचं पाणी, संडास, कामाचे ठरलेले तास आणि बायका पुरेशा असतील तर पाळणाघरसुद्धा देणं आलं. काम मजुराच्या ओसरीवर गेलं की हे सगळं टळतं. जागा तिची, दिवा तिचा, पाणी तिचं. मुलं तिच्याच मांडीजवळ रांगत तंबाखूची धूळ नाकात घेणार. वर मालक म्हणायला मोकळा, की ही माझी नोकर नव्हेच. ती तिच्या मर्जीनं वळते, वाटलं तर वळते, नाही तर नाही.

हा वाद कोर्टात गेला. १९६१ साली आमच्याच नागपूर भागातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बिडी कारखान्यात येऊन नगावर मजुरी घेणारा माणूसही कामगारच आहे. पण घरी वळणारीचं काय? तिच्यासाठी १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांचा वेगळा कायदा झाला. त्यात कच्चा माल घेऊन घरी बिड्या करणारीलाही नोकर मानलं गेलं. महाराष्ट्राच्या नियमांत तर छाट साधारणपणे शेकडा पाचाहून जास्त काढू नये, असंही आलं. मालक मंडळी या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. १९७४ साली न्यायालयानं कायदा कायम ठेवला. १९७७ पासून बिडीधंद्याला भविष्य निर्वाह निधी लागू झाला, आणि घरी बसून वळणाऱ्या बायकाही त्याच्या हक्कदार आहेत, हे १९८५ साली न्यायालयानं स्पष्ट केलं.

त्या विचारातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मालकाची देखरेख कशावरून ओळखायची? तो काही प्रत्येकीच्या घरी येऊन उभा राहत नाही. न्यायालयाचं म्हणणं असं, की माल नापसंत करून परतवण्याचा हक्क मालकाच्या हाती आहे, तीच त्याची देखरेख. म्हणजे पाहा, जी छाट बायकांना रडवीत होती, तीच त्यांच्या नोकरीचा पुरावा ठरली! मी माझ्या शब्दांत म्हणते, जो छाट काढतो तो मालक. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

कायदा कागदावर आला म्हणजे तो ओसरीवर पोचला असं नाही. ओळखपत्र एकीच्या नावावर आणि वळणाऱ्या घरातल्या तिघी, असं पुष्कळ घरी असे. आमच्याकडेही कार्ड मोठ्या आजेसासूबाईंच्या नावाचं होतं. सासूबाईंनी वळलेल्या हजारो बिड्यांची नोंद त्यांच्या नावावर कुठंच नाही, म्हणून त्यांच्या हाती फंड नाही. ज्यांच्याकडे कार्ड होतं त्यांना बिडी कामगार दवाखान्यातलं औषधपाणी आणि मुलांना शिष्यवृत्ती मिळे. १९७६ च्या कायद्यानं बिड्यांवर त्यासाठी उपकर बसवला होता. २०१७ साली वस्तू व सेवाकर आला तेव्हा तो उपकर रद्द झाला.

आता धाकट्या जावेकडे वळू. ती आणि भाऊजी दोघंही पुण्यात नोकरीला. २०२० च्या मेमध्ये दोघं परवानगीचा पास काढून गावी आले. भाऊजी पुढे कामावर परतले. जाऊ मात्र बाळंतपणाला इथंच राहिली. २०१७ च्या दुरुस्तीमुळे तिला पहिल्या मुलाच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, आणि रजा संपल्यावर वरिष्ठांनी घरूनच काम करायला सांगितलं. मागच्या खोलीत टेबल आलं, इंटरनेटची तार आली, वीज गेली तर चालावं म्हणून बॅटरी आली. सगळं तिच्या पैशानं. सासूबाई दारात उभ्या राहून दोन दिवस बघत होत्या. मग म्हणाल्या, ''जागा तिची, लाइट तिचा. आमचंच काम हाय हे, फक्त तंबाखू नाही.''

मला हसू आलं, पण विचार केला तर म्हणणं खोटं नाही. जावेचा पगार सासूबाईंच्या मजुरीपेक्षा कितीतरी पट मोठा, दरमहा बँकेत येणारा, फंड कापून येणारा. हा फरक लहान नाही, आणि तो शिक्षणानं घडवला हे मी माझ्या विद्यार्थिनींना नेहमी सांगते. पण कामाची मोजणी पाहा. तिच्या लॅपटॉपमध्ये असा काही कार्यक्रम घातलेला आहे, की किती वेळ हात चालला आणि किती वेळ थांबला याची नोंद होते. मूल रडलं म्हणून ती दहा मिनिटं उठली, तर परत येऊन ती दहा मिनिटं रात्री भरते. आठ तासांचं काम पहाटेपासून रात्रीपर्यंत पसरतं, सासूबाईंच्या हजार बिड्यांसारखंच. आणि रात्री साडेदहाला निरोप येतो, 'जरा बघता का?'

या 'जरा बघता का'वर जगात विचार सुरू झालेला आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याच्या हक्काला कायद्यात जागा मिळाली. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी अशा हक्काचं खासगी विधेयक डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकाचा कायदा क्वचितच होतो, पण निदान प्रश्नाला नाव तरी मिळालं.

माझी स्वतःची गोष्ट थोडक्यात सांगते. मला पैसे मिळतात ते वर्गातल्या तासाचे. वह्या तपासणं, पेपर काढणं, निकालपत्रं भरणं हे घरचं काम. त्याचा तास कुठल्याच हजेरीत नाही. आता शाळेचा मोबाइलवर गट आहे आणि त्यावर रात्री जेवणं आटोपल्यावर सूचना येतात. सकाळी दहाला 'माहिती अजून का आली नाही?' असा सवाल. मैत्रिणींनो, तासाला पैसे आणि हुकूम मात्र चोवीस तास, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सगळेच मालक काही सट्टेदार नसतात. मी जावेच्या बोलण्यातून आणि भाऊजींच्या अनुभवातून त्यांच्याही अडचणी समजून घेतल्या. घरून काम दिलं की कंपनीचं जागेचं भाडं, वीज वाचते, आणि लाखनीसारख्या गावातली हुशार मुलगी पुण्याला न येताही हाताशी मिळते. हा फायदा खरा. पण नवीन लागलेली पोरं शिकणार कुणाकडून? शेजारच्या टेबलावरचा जाणता माणूस कसा बोलतो, गिऱ्हाइकाला कसा सांभाळतो हे पाहून माणूस शिकतो. खोलीत एकटं बसून ते येत नाही. नवा मुलगा एका चुकीत दोन दिवस अडकून पडतो, आणि कचेरीत तीच चूक दोन मिनिटांत सुटते. शिवाय वरिष्ठाला समोर माणूस दिसत नसला की शंका येते. शंका आली की तो घड्याळ लावतो. घड्याळ लावलं की काम करणारीचं मन उडतं. विश्वास दोन्हीकडून लागतो, तो ना कायद्यानं येतो ना यंत्रानं. २०२२-२३ पासून मोठमोठ्या कंपन्या माणसांना परत बोलावू लागल्या, त्यामागे ही कारणंही आहेत.

गेल्या दिवाळीनंतर जावेलाही पत्र आलं, की जानेवारीपासून आठवड्यातले तीन दिवस कचेरीत हजर राहा. घरात एकदम शांतता झाली. लाखनी ते पुणे सातशे-आठशे किलोमीटर. महाराष्ट्र एक्सप्रेसनं भंडारा रोडहून जायचं म्हटलं तर रात्र गाडीतच. मुलगा साडेचार वर्षांचा. भाऊजी पुण्यात दोन खोल्यांत राहतात. मामंजी आमचे भले गृहस्थ, पण लगेच म्हणाले, ''सोडून दे मग नोकरी. तशीही घरीच तर असतेस.'' पाच वर्षं मागच्या खोलीत ती दिवसाचे नऊ-नऊ तास राबली, या घराची वरची खोली तिच्या पगारातून बांधली गेली, आणि तरी बोलणाऱ्याच्या लेखी ती 'घरी'च होती! जाऊ काही बोलली नाही. पण त्या रात्री तिच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत चालू होता, आणि या वेळी तो कंपनीच्या कामासाठी नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, ''ताई, मी नोकरी सोडली तर परत मिळणार नाही. आणि पत्राप्रमाणे गेले तर पोरगा हातचा जाईल. काय करू?'' मी तिला म्हटलं, ''रडून किंवा रागावून लिहू नकोस. हिशेब लिही.'' दोघी बसलो. पाच वर्षांत घरून तिनं काय काय पूर्ण केलं, किती वेळा वेळेआधी दिलं, किती नव्या मुलींना फोनवर शिकवलं, हे सगळं एका पानावर आणलं. खाली विनंती लिहिली, की महिन्यातला एक पूर्ण आठवडा मी पुण्याला येऊन कचेरीत बसेन आणि त्या आठवड्यात नव्यांना शिकवीन, बाकीचे आठवडे घरून काम करू द्यावं. आठ दिवस उत्तर नाही. ते आठ दिवस घरातल्या कुणालाही अन्न गोड लागलं नाही. मग वरिष्ठ बाईंचं उत्तर आलं, की शाळेचं वर्ष संपेपर्यंत हरकत नाही, पुढचं पुढे पाहू. लेखी आलं, हे महत्त्वाचं.

या सगळ्यातून मला जे कळलं ते सांगते. घरून काम करणाऱ्या प्रत्येकीनं, मग ते संगणकावरचं असो की शिवणाचं, आपल्या अटी लेखी ठेवाव्यात. कामाची वेळ, विजेचा आणि इंटरनेटचा खर्च कुणाचा, काम परत आलं तर पैसे मिळणार की नाही, हे आधीच विचारावं. पगार स्वतःच्या नावाच्या खात्यात यावा. आजेसासूबाईंच्या कार्डाची गोष्ट विसरू नका. फंडाचा नंबर, पगाराची पावती जपून ठेवावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. जुना बिडी कायदा, बाळंतपणाच्या रजेचा कायदा हे त्यांतच मिसळले गेले. त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देण्याची तरतूद आहे, तेव्हा ते मागायला संकोच करू नये. पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, हेही आहेच. आणखी एक. कामाच्या जागी स्त्रियांच्या होणाऱ्या छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा 'कामाची जागा' या शब्दांत राहतं घरही धरतो. फोनवर किंवा पडद्यावर वरिष्ठ वेडंवाकडं बोलला, तर 'मी घरीच तर होते' म्हणून गप्प बसायचं कारण नाही. दहा किंवा अधिक कामगार असतील तिथं तक्रार समिती असलीच पाहिजे, आणि लहान जागांसाठी जिल्ह्याची समिती असते.

आणि जो छाट काढतो तो मालक, हे वाक्य आता परत आठवा. जो तुमचे मिनिट मोजतो, काम नापसंत करून पैसे कापतो, तो 'तुम्ही तर स्वतंत्र आहात' असं म्हणू लागला तर त्याला एवढंच विचारा, की मग मोजता कशाला?

पण मैत्रिणींनो, मालक म्हणजे नेहमी दुसराच कुणी असतो असं नाही. आपणही कुणाच्या मालकिणी असतोच. ब्लाउजला हूक लावायला, साडीला फॉल लावायला शेजारच्या मुलीला देतो, दिवाळीत चकल्या-शेवेच्या ऑर्डरी घेऊन दोघींना मदतीला बोलावतो, धुण्याभांड्यांच्या बाई तर रोजच्या. फॉल वाकडा लागला म्हणून आपण पैसे कापतो, तेव्हा तीही छाटच! भांडीवाली एक दिवस आली नाही की पैसे कापायचे आणि पाहुणे आले की चार भांडी जास्त घासायला लावायची, हेही तेच. आठवड्याची सुट्टी, ठरलेला दर आणि वेळेवर पैसे, एवढं तरी आपल्या ओसरीपासून सुरू करता येईल.

घरून काम दिलं म्हणजे पिळवणूक होतेच असंही नव्हे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच पुढे लिज्जत पापड झाला. तिथंही बायका मळलेलं पीठ घरी नेतात आणि लाटून पापड आणून देतात. काम बिडीसारखंच, मोजून नेणं आणि मोजून देणं. पण तिथं लाटणारी स्वतःच संस्थेची सभासद आणि भागीदार असते, नफा तिच्याही वाट्याला येतो. घर तेच, पोळपाट तेच. हिशेबाच्या वहीत आपलं नाव कुठल्या बाजूला आहे, त्यावर सगळं अवलंबून असतं.

जावेचं जूनपासून काय होणार, हे अजून पक्कं नाही. मुलाला पुण्याच्या शाळेत घालायचं असं दोघांच्या मनात आहे. सांभाळायला सासूबाई जायला तयार झाल्यात. ज्यांनी आजवर नागपूरच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही, त्या! पण त्यांनी परवा जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, ''मी येतो. पन पोराले सांभाळनं हे बी काम हाय. मले हप्त्यातून एक दिवस सुट्टी पायजे, अन् माझ्या नावाचं पासबुक पायजे.'' मामंजींचा घास हातातच राहिला. जाऊ मात्र हसली नाही. उठली, कागद घेऊन आली आणि म्हणाली, ''सांगा आई, कुठला वार लिहू?''